चिप मेलेली आली, आता पीएचडीचं काय? वाचकांचे प्रश्न

यावेळी पत्रं भरपूर आलीत, जास्त करून इलेक्ट्रॉनिक्समधे मास्टर्स किंवा पीएचडी करणाऱ्यांची, आणि काही शिकवणाऱ्यांची पण. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून ज्यात बऱ्याच जणांचं दुखणं एकच होतं ती पत्रं आधी घेतलीत. नावं कोणाचीच छापत नाहीये, बऱ्याच जणांनी तशी विनंती केली होती.

प्रश्न: मॅडम, मी मास्टर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका चिप डिझाइन कंपनीत व्हेरिफिकेशनची, म्हणजे डिझाइन बरोबर चालतं का ते तपासायची, नोकरी मिळतेय, पण मला पीएचडी करून पुढे प्रोफेसर व्हायचंय. घरचे म्हणतात आधी नोकरी कर, मैत्रिणी म्हणतात पीएचडी म्हणजे पाच वर्षं पाण्यात. काय करू?

उत्तर: आधी मला एक सांग, प्रोजेक्ट करताना तुला जास्त समाधान कधी वाटलं, सर्किट चालू झालं तेव्हा, का ते इतके दिवस का चालत नव्हतं ते कळलं तेव्हा? दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत, फक्त ती वेगवेगळ्या कामांकडे नेतात. कंपनीत प्रश्न तुझ्या हातात दिलेला असतो, स्पेसिफिकेशन ठरलेलं, तारीख ठरलेली, आणि त्या चौकटीत चूक न करता काम संपवायचं असतं, व्हेरिफिकेशनमधे तर फारच कस लागतो, ते काम कमी प्रतीचं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. रिसर्चमधे मात्र प्रश्नच आपण शोधायचा असतो आणि बऱ्याच जणांचं पहिलं वर्ष दीड वर्ष त्यातच जातं. पन्नास साठ पेपर वाचले की वाटतं सगळं करून झालंय, मग हळूहळू दिसायला लागतं की ह्या पेपरात एक वाक्य घाईत उरकलंय, त्या पेपरात मोजमाप एकाच तापमानाला घेतलंय, आणि आपलं काम तिथे आहे.

प्रोफेसर व्हायचंय म्हणतेस तर तो दिवस कसा असतो ते पण ऐकून घे. लेक्चरची तयारी, लॅब, विद्यार्थ्यांचे ड्राफ्ट वाचणं, दुसऱ्यांचे पेपर रिव्ह्यू करणं, पैशांसाठी प्रपोजल लिहिणं, मीटिंगा, परीक्षेचे पेपर तपासणं. माझे कित्येक आठवडे असे जातात की स्कोपच्या (ऑसिलोस्कोपच्या) प्रोबला हात लागत नाही आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुला फक्त लॅबमधे बसायची ओढ असेल तर कंपन्यांच्या रिसर्च लॅब पण बघून ठेव. ट्रान्झिस्टर १९४७ साली बेल लॅब्जमधे झाला, ती एका टेलिफोन कंपनीची लॅब होती, आणि जॅक किल्बीने १९५८ मधे पहिलं इंटिग्रेटेड सर्किट केलं तेव्हा तो टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधे नुकताच नोकरीला लागला होता. संशोधन करायचं तर कॉलेजातच, असं काही नाही.

मैत्रिणींच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे, तो लपवत नाही. पीएचडीला चार ते सहा वर्षं लागतात, नंतर पुष्कळदा एखादा पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती रिसर्चची नोकरी, करावा लागतो, आणि जितके लोक पीएचडी करतात त्याच्या मानाने प्रोफेसरच्या जागा खूपच कमी असतात. म्हणजे जागा मिळालीच नाही तरी ही वर्षं आपल्याला हवीच होती असं वाटेल का, हे स्वतःला विचार. दोन वर्षं नोकरी करून मग पीएचडीला आलीस तरी काही बिघडत नाही, उलट टेपआउटची (डिझाइन पूर्ण करून चिप बनवायला पाठवायची) शिस्त, चेकलिस्ट, कॉर्नर सिम्युलेशन (सगळ्यात वाईट परिस्थिती धरून केलेली तपासणी) हे सगळं अंगात मुरलेलं असतं आणि माझ्या अनुभवात अशा मुलांच्या चिप पहिल्या खेपेला जास्त चालतात. एवढंच की तारीख आधी ठरवून ठेव, कारण एकदा घडी बसली की ती मोडायला फार जीवावर येतं.

एक महिना दे स्वतःला. आवडीच्या विषयातला एक पेपर घे आणि त्यातली एकच आकृती सिम्युलेटरमधे जशीच्या तशी काढायचा प्रयत्न कर. नक्कीच कुठेतरी जुळणार नाही. ते का जुळत नाही ह्याच्या मागे रात्रीचे दोन वाजले आणि कळलंच नाही असं झालं, तर गाइडना ईमेल लिहायला सुरुवात कर. गाइड निवडताना विद्यापीठाच्या नावापेक्षा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल, महिन्यातून किती वेळा भेटतात, किती वर्षांत सुटले, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागतं, मधेच सोडून किती जण गेले. हे विचारायला लाजू नकोस.

आणि हो, मास्टर्सचा थिसिस उरकून टाकू नकोस. क्लॉड शॅननने १९३७ मधे मास्टर्सच्याच थिसिसमधे दाखवलं की रिले आणि स्विचची सर्किट्स बूलच्या बीजगणिताने (खरं-खोटं, म्हणजे एक आणि शून्य, ह्यांच्या गणिताने) मांडता येतात, आज तू डिजिटलमधे जे शिकलीस त्याचा पाया तो. ते बीजगणित त्याला आधी तत्त्वज्ञानाच्या एका कोर्समधे भेटलं होतं, म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते की शाखेबाहेरचा एक तरी विषय घ्या.

प्रश्न: मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे. एडीसीची (अ‍ॅनालॉग सिग्नलचे डिजिटल आकडे करणारी) चिप टेपआउट केली, पाच महिने वाट बघितली, आणि आली ती मेलेलीच. पॉवर दिली की करंट सिम्युलेशनपेक्षा दहापट, आउटपुट कोड एकाच आकड्यावर अडकलेला. गाइड काही बोलत नाहीत. पुढचं शटल, म्हणजे चिप बनवायला पाठवायची पुढची फेरी, सात महिन्यांनी आहे. मला झोप लागत नाही.

उत्तर: अरे, आधी झोप. खरंच सांगतेय, थकलेल्या हाताने चिप मोजताना उरलेल्या पण जळतात.

आता कामाचं. किती चिप मोजल्यास ते तू लिहिलेलं नाहीस, आणि पहिला प्रश्न तोच आहे. सगळ्या एकसारख्याच वागत असतील तर दोष डिझाइनमधे, बाँडिंगमधे (चिप आणि पॅकेजच्या पिना जोडणाऱ्या तारांमधे) किंवा तुझ्या बोर्डात आहे, एखादीच तशी असेल तर ती चिप बाजूला ठेव. मग चिप न लावता नुसत्या बोर्डाचा करंट मोज, हे सोपं वाटतं म्हणून लोक करत नाहीत आणि दोष नेमका रेग्युलेटरपाशी निघतो. बाँडिंग डायग्राम आणि पॅडची यादी शेजारी ठेवून एकेक पिन बोटाने लावून बघ, चिप पॅकेजमधे नव्वद अंशांत फिरून बसलेली मी स्वतः पाहिलीये.

त्यानंतर सप्लाय एकदम देऊ नकोस. करंट लिमिट लावून शून्यापासून हळूहळू व्होल्टेज वाढव आणि प्रत्येक पायरीला करंट लिहून ग्राफ काढ, हा एक ग्राफ तुला खूप काही सांगेल. शून्यापासूनच सरळ रेष चढत असेल तर कुठेतरी थेट शॉर्ट आहे. साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टपर्यंत काही नाही आणि मग एकदम चढाई, तर कुठलातरी डायोड फॉरवर्ड होतोय, म्हणजे ईएसडीचा (स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा) डायोड उलटा बसलाय किंवा एखाद्या भागाचा सप्लाय जोडलेलाच नाही आणि तो पॅडच्या डायोडमधून चोरवाटेने पॉवर घेतोय. आणि व्होल्टेज बऱ्यापैकी वर गेल्यावर करंट अचानक उडी मारून तिथेच बसला, पूर्ण बंद केल्याशिवाय खालीच येत नाही, तर लॅचअपचा, म्हणजे चिपच्या आतच सप्लायपासून ग्राउंडपर्यंत वाट उघडून अडकल्याचा, संशय घे. थर्मल कॅमेरा मिळाला तर गरम ठिपका कुठल्या ब्लॉकवर आहे तेही दिसेल. आउटपुट अडकलाय म्हणतोस त्याच्यासाठी एडीसीच्या आत शिरू नकोस, क्लॉक आत पोचतोय का आणि रीसेट खरंच सुटतोय का एवढंच आधी बघ. माझ्या पहिल्या चिपमधे रीसेटची पोलॅरिटी पॅडपाशी उलटी झाली होती, म्हणजे मी चिप सोडली असं समजत होते तेव्हा ती रीसेटमधे असायची, आणि त्यात माझे तीन आठवडे गेले. लेआउटच्या तपासणीत पॅड रिंग (कडेची पॅडची रांग) ब्लॅक बॉक्स, म्हणजे आत न बघता, ठेवली होतीस का ते आठव, अशा चुका फार वेळा तिथेच लपतात कारण आतलं सगळं शंभर वेळा तपासलेलं असतं आणि कडेचं कोणी बघतच नाही.

कारण सापडलं की थिसिसचा एक चॅप्टर तुझ्या हातात आलाच. एखादा ब्लॉक स्वतंत्र मोजता येत असेल, कंपॅरेटर किंवा रेफरन्स, तर तो नीट मोज, सगळ्या चिपवर मोज, तापमान बदलून मोज. एखादी तार तोडून किंवा जोडून चिप वाचत असेल तर फोकस्ड आयन बीमने ते करता येतं, गाइडना विचार त्यांची कुठे ओळख आहे का. पुढच्या शटलमधे प्रत्येक ब्लॉकचा सप्लाय वेगळा, मधल्या नोड्सवर टेस्ट पॅड, आणि प्रत्येक कठीण ब्लॉकला बाहेरून बायपास करायची सोय ठेव, एरिया जास्त गेला तरी चालेल.

अमानोंची गोष्ट तुला माहीत असेल तरी परत सांगते. नागोया विद्यापीठात आकासाकी सर गॅलियम नायट्राइडवर काम करत होते, निळ्या एलईडीसाठी, आणि त्या काळात बहुतेकांनी ते मटेरियल सोडून दिलं होतं कारण चांगला क्रिस्टलच होत नव्हता. हिरोशी अमानो त्यांचे विद्यार्थी. खडबडीत, तडे गेलेले नमुने वर्षानुवर्षं निघत राहिले. मग कमी तापमानाला अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर आधी देऊन त्यावर क्रिस्टल वाढवला आणि तो स्वच्छ आला, हे १९८६ मधे छापून आलं, पी-टाइप गॅलियम नायट्राइड १९८९ मधे, आणि निळ्या एलईडीवरच काम करणाऱ्या शुजी नाकामुरांसोबत दोघांना नोबेल मिळालं २०१४ मधे. मला त्यातलं नोबेलपेक्षा हे जास्त भिडतं की वाईट नमुने येत होते तेव्हाही पुढच्या वेळी काय बदलायचं हे ते दोघं ठरवत होते. तुझा तो करंट व्होल्टेजचा ग्राफ झाला की मला पाठव, मी बघते.

गाइड गप्प आहेत त्याबद्दल. त्यांच्याकडे नुसतं "चालत नाही" म्हणून जाऊ नकोस, "हे चार प्रयोग केले, तीन शक्यता उरल्यात" असं घेऊन जा. बहुतेक वेळा त्यांनाही काय विचारावं ते कळत नसतं.

प्रश्न: मी चार वर्षांपासून असिस्टंट प्रोफेसर आहे. आठवड्याला सोळा तास लेक्चर आणि लॅब, वर प्रोजेक्ट गाइडन्स, पेपर तपासणी. वर्षाच्या शेवटी विचारतात रिसर्च पेपर किती. कुठून आणू वेळ?

उत्तर: सोळा तास समोर शिकवायचे म्हणजे तयारी धरून आठवडा संपतोच, त्यामुळे तुमची गल्लत वेळेच्या नियोजनात होतेय असं मी अजिबात म्हणणार नाही. हा भार कमी व्हायला पाहिजे आणि ते विभागाने करायला पाहिजे. तुम्ही मागणी लेखी करा, तासांचा हिशोब जोडून.

तोपर्यंत एक सुचवते. शिकवणं आणि रिसर्च ही दोन वेगळी खाती धरली की दोन्हीकडे तोटा होतो. आपल्या विषयातल्या किती मोठ्या गोष्टी वर्गातून आल्यात बघा. बर्कलीत रोहरर नावाच्या प्रोफेसरांनी सर्किट सिम्युलेशनचा एक वर्ग घेतला, विद्यार्थ्यांनी प्रोग्राम लिहिला, त्यातला लॅरी नेगल पुढे तिथल्याच प्रोफेसर पेडरसनांकडे त्याच कामावर राहिला आणि १९७३ मधे स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर जगासमोर आला. पेडरसनांचा आग्रह होता की तो कोणालाही वापरता आला पाहिजे, आणि आज आपण जो सिम्युलेटर उघडतो त्यात बहुतेक त्याचाच वंश असतो. १९७८ मधे लिन कॉनवे ह्यांनी एमआयटीत चिप डिझाइनचा कोर्स घेतला आणि विद्यार्थ्यांच्या डिझाइन्स एकत्र करून खरोखर बनवून आणल्या, त्यानंतर अनेकांच्या चिप एकाच वेफरवर बनवायची पद्धत विद्यापीठांमधे पसरली. रिस्क-फाइव्हची (RISC-V) सुरुवात पण २०१० मधे बर्कलीतच झाली, शिकवायला आणि रिसर्चला वापरता येईल असं खुला इन्स्ट्रक्शन सेट, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या आज्ञांचा संच, हवा होता म्हणून.

तुम्ही एवढं मोठं करा असं नाही म्हणत. पण शेवटच्या वर्षाचे पाच प्रोजेक्ट पाच दिशांना असतील तर ते एका प्रश्नाभोवती आणा, दरवर्षी मागच्या बॅचच्या पुढून सुरू करा, तीन वर्षांत त्यात पेपरएवढं काम नक्की साठतं. विभागात सांगून एकच विषय सलग तीन वर्षं मागून घ्या, नवीन विषयाची तयारी हीच सगळ्यात जास्त वेळ खाते. महागडी उपकरणं नसतील तर एनजीस्पाइस, कीकॅड, मॅजिक ही सिम्युलेशनची आणि डिझाइनची टूल्स फुकट आहेत, आणि २०२० मधे स्कायवॉटर ह्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या १३० नॅनोमीटर प्रोसेसची डिझाइन किट खुली झाली तेव्हापासून मोठ्या करारांवर सह्या न करता पण खऱ्या प्रोसेसमधे डिझाइन करता येतं. तुम्ही लॅब नवीन पद्धतीने घेत असाल आणि त्याचा परिणाम नीट मोजला असेल तर तोही पेपर आहे, आयईईई ह्या इंजिनिअरांच्या संस्थेचं शिक्षणावर वेगळं जर्नल (ट्रान्झॅक्शन्स) निघतं.

एका गोष्टीची मात्र काळजी घ्या, ज्यांनी काम केलं त्या मुलांची नावं पेपरवर लेखक म्हणून आली पाहिजेत, आभारात नाही.

प्रश्न: माझ्या पेपरच्या ग्राफमधे दोन पॉइंट रेषेबाहेर आहेत. सिनिअर म्हणतो काढून टाक, सगळेच काढतात. गाइडना विचारायची भीती वाटते. काढू का?

उत्तर: नाही.

आता का ते सांगते. पॉइंट काढायची कारणं असू शकतात, प्रोब सुटला होता, चिप गरम झाली होती, पण ते कारण मोजताना वहीत लिहिलेलं असलं पाहिजे, ग्राफ वाकडा दिसल्यावर सुचलेलं चालत नाही. आणि काढलास तर पेपरमधे लिही की दोन काढले आणि ह्या कारणाने. कारण माहीत नसेल तर ते पॉइंट परत मोज, त्याच डिव्हाइसवर आणि आणखी पाच डिव्हाइसवर. परत तिथेच आले तर तुझी रेष चूक आहे, डेटा नाही, आणि मला विचारशील तर अशा वेळी मला फार आनंद होतो कारण काहीतरी नवीन सापडायची शक्यता तिथेच असते.

बेल लॅब्जमधल्या यान हेंड्रिक शोनचं प्रकरण प्रत्येक पीएचडीच्या विद्यार्थ्याने वाचावं असं मला वाटतं. दोन तीन वर्षांत त्याचे एकामागून एक पेपर नामांकित जर्नल्समधे आले, मॉलेक्युलर ट्रान्झिस्टर वगैरे, आणि इतरांना त्याचे निकाल परत काढता येत नव्हते. २००२ मधे काही संशोधकांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या ग्राफमधे नॉइज अगदी एकसारखा आहे. थर्मल नॉइज हा इलेक्ट्रॉनच्या अस्ताव्यस्त हालचालीतून येतो, दोनदा मोजलं तर दोनदा वेगळाच दिसतो, दोन वेगळ्या डिव्हाइसमधे तो ठिपक्याला ठिपका जुळणं शक्यच नाही. चौकशी समितीने चोवीस आरोप तपासले आणि सोळा प्रकरणांत गैरवर्तन झाल्याचं सांगितलं. मूळ डेटाच्या फाइल्स मागितल्या तर त्याने जपलेल्याच नव्हत्या. किती विद्यार्थ्यांनी ते निकाल परत करण्यात आपली वर्षं घातली असतील ते मनात आलं की मला अजून राग येतो.

तुझे दोन पॉइंट म्हणजे ते प्रकरण नाही हे मला कळतं. पण सवय इथूनच लागते. कच्चा डेटा दोन ठिकाणी ठेव, तारीख, उपकरण, सेटिंग सगळं लिहून. किती डिव्हाइस मोजले ते पेपरमधे लिही, चाळीसातलं सगळ्यात चांगलं एकच दाखवून बाकीच्यांबद्दल गप्प बसायची एक पद्धत पडलीये आपल्याकडे, त्याला "हीरो डिव्हाइस" म्हणतात, वाचणाऱ्याची त्यात फसवणूक होते. गाइडना मूळ ग्राफ दाखव, दोन्ही पॉइंटसकट. ते रागावले तर एक दिवस वाईट जाईल, तेवढं सोस.

प्रश्न: एच-इंडेक्स किती असला की नोकरी मिळते? आणि "तुमचा पेपर आम्ही सात दिवसांत छापतो" असे ईमेल येतात, पाठवू का?

उत्तर: असा आकडा नसतो. एच-इंडेक्स म्हणजे तुमच्या किती पेपरना किमान तितकेच सायटेशन (दुसऱ्यांच्या पेपरांमधले उल्लेख) मिळालेत एवढंच, २००५ मधे हिर्श ह्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला, तरुण माणसाचा कमी असणारच. चांगली निवड समिती तुमचे दोन तीन पेपर उघडून वाचते. आणि सात दिवसांत रिव्ह्यू होत नाही, मी स्वतः एक पेपर नीट तपासायला दोन दोन दिवस घेते आणि ते दिवस मिळायलाच महिना लागतो. पाठवू नका, नंतर तो पेपर काढून घेता येत नाही आणि नाव त्यावर राहतं.

प्रश्न: मी डिप्लोमाच्या मुलांना अ‍ॅनालॉग शिकवते. मुलं सिम्युलेटरमधे सर्किट चालवतात, उत्तर बरोबर येतं, पण विचारलं तर काहीच समजलेलं नसतं. लॅबमधे मॅन्युअल बघून रीडिंग घेतात. काय वेगळं करू?

उत्तर: हे पत्र वाचून मला खूप बरं वाटलं, कारण उत्तर बरोबर आलं की बहुतेक जण तिथेच थांबतात.

मी एक प्रयोग करते तो सांगते, तुम्ही उद्याच करून बघू शकता. ७४१ घ्या, तोच जुना १९६८ चा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी आयसी), प्लस मायनस १५ व्होल्टवर, युनिटी गेन बफर, म्हणजे आत जाईल तेवढंच बाहेर. मुलांना डेटाशीट द्या, त्यात बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ लिहिलेली आहे. मग विचारा, २० किलोहर्ट्झची, १० व्होल्ट पीकची साइन वेव्ह दिली तर आउटपुट काय येईल, कागदावर काढा, सही करा आणि कागद माझ्याकडे द्या. जवळजवळ सगळे साइनच काढतात, १ मेगाहर्ट्झपुढे २० किलोहर्ट्झ म्हणजे काहीच नाही ना. आयडियल मॉडेल घेतलं तर सिम्युलेटर पण साइनच दाखवतो. मग स्कोप लावायचा. पडद्यावर त्रिकोण दिसतो.

त्यानंतरची दहा मिनिटं मी काहीही बोलत नाही. कोणी म्हणतं आयसी खराब आहे, मी दुसरा देते, परत त्रिकोण. कोणी व्होल्टेज कमी करून बघतं, १ व्होल्टला परत सुंदर साइन, आणि तिथे वर्गाचा आवाजच बदलतो, कारण फ्रिक्वेन्सी तीच आहे मग झालं काय. तेव्हा मी गणित फळ्यावर लिहिते, साइनचा सगळ्यात मोठा चढ २π गुणिले फ्रिक्वेन्सी गुणिले पीक व्होल्टेज, इथे तो १.२५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदच्या आसपास येतो, आणि ७४१ चा स्ल्यू रेट, म्हणजे त्याचं आउटपुट जास्तीत जास्त किती वेगाने बदलू शकतं ते, आहे ०.५. त्याला तेवढं पळताच येत नाही म्हणून तो सरळ रेषेत धावत राहतो आणि त्रिकोण होतो. १० व्होल्ट पीकला जास्तीत जास्त ८ किलोहर्ट्झ जमेल, मुलांना तेही काढून बघायला लावते. पुढे जायची तयारी असेल तर आतपर्यंत नेते, आत ३० पिकोफॅरडचा एक कॅपॅसिटर आहे आणि त्याला चार्ज करायला पहिल्या स्टेजकडे साधारण १५ मायक्रोअँपिअरच आहेत, भागाकार करा. ०.५ येतं. डेटाशीटमधला तो आकडा कुठून आला हे त्यांना आयुष्यभर लक्षात राहतं, कारण आधी त्यांचा कागद चुकलेला असतो.

ह्यात कागदावर आधी लिहून घेणं हे सगळ्यात महत्त्वाचं, ते गाळू नका. नुसतं दाखवलं तर मुलं म्हणतात हो हो असंच होणार होतं. मार्क मात्र चुकलेल्या अंदाजाला कापू नका, नाहीतर ती अंदाजही मॅन्युअलमधून उतरवतील. आणि लॅब मॅन्युअलमधल्या दहा प्रयोगांपैकी दोन काढून टाकायची परवानगी मागा, त्या वेळात मुद्दाम बिघडवलेलं सर्किट द्या. ब्रेडबोर्डावर एक ग्राउंड सुटलेला, एक कॅपॅसिटर उलटा, प्रोब १० एक्सवर आणि स्कोप १ एक्सवर. शोधू देत. मला स्वतःला रिसर्चमधे जे उपयोगी पडलं त्यातलं निम्मं अशा शोधण्यातून आलंय, आणि एका मुलीने असाच एक "बिघाड" शोधताना विचारलेला प्रश्न, की दोन शेजारच्या ओळींमधे तार नसताना सिग्नल कसा गेला, त्याचं उत्तर नीट द्यायला मला आठवडा लागला होता. ब्रेडबोर्डाच्या ओळींमधे काही पिकोफॅरडची कपॅसिटन्स असते हे मला माहीत होतं, पण त्या सर्किटमधे नेमकी किती आणि कुठून हे मोजून दाखवायला पाहिजे होतं. ती मुलगी आता पीएचडी करतेय.

प्रश्न: मी इलेक्ट्रॉनिक्समधे पीएचडी केली, नंतर मुलं आणि आजारपण ह्यात सात वर्षं गेली. एकही पेपर नाही ह्या काळात. आता परत यायचंय पण सीव्हीमधली ती रिकामी जागा बघून कोणी बोलावणार नाही असं वाटतं. वय एकेचाळीस. उशीर झालाय का?

उत्तर: ताई, अडचण आहे, नाही म्हणत नाही. काही समित्या ती सात वर्षं बघून पुढचं पान उलटणार. पण सगळ्या तशा नसतात, आणि बऱ्याच ठिकाणी परत येणाऱ्यांसाठी वेगळ्या फेलोशिप असतात, ज्या विद्यापीठांत अर्ज करणार आहात तिथे हे स्पष्ट विचारा.

वर लिन कॉनवेंचं नाव आलंय. त्या आयबीएममधे कॉम्प्युटर आर्किटेक्चरवर फार मोलाचं काम करत होत्या, आणि १९६८ मधे त्यांनी लिंगपरिवर्तनाचा निर्णय सांगितल्यावर कंपनीने त्यांना काढलं. नवीन नाव घेऊन त्यांनी साध्या कंत्राटी प्रोग्रामरपासून परत सुरुवात केली, आधीचं काम कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणजे सीव्ही जवळजवळ कोराच. १९७३ मधे झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या लॅबमधे आल्या, १९७८ मधे एमआयटीतला तो कोर्स घेतला, पुढे मिशिगन विद्यापीठात प्रोफेसर झाल्या. एमआयटीत शिकवत होत्या तेव्हा वय चाळीस होतं. आयबीएमने माफी मागितली ती २०२० मधे. त्यांचा आणि तुमचा त्रास वेगळा आहे, मी बरोबरी करत नाहीये, पण तुम्ही पत्रात वय लिहिलंत म्हणून मला त्याच आठवल्या.

आता काय करायचं. सीव्हीत ती वर्षं लपवू नका, एका ओळीत लिहा, कौटुंबिक जबाबदारी आणि आजारपण, तारखांसकट, माफी मागितल्यासारखं नको. जुन्या थिसिसमधलं न छापलेलं काही नक्की असेल, ते काढा, सात वर्षांत त्या विषयात काय झालं ते वाचा आणि त्याच्या उजेडात परत लिहा, नवीन लॅब नसताना पहिला पेपर असाच निघतो. टूल्स बदललीत, पायथॉन आणि नवीन सिम्युलेटर ह्यावर दोन तीन महिने घाला. जवळच्या कॉलेजात एखादा विषय तासांवर शिकवायला मिळत असेल तर घ्या, हातात परत खडू आला की धीर येतो आणि लॅबची किल्ली पण मिळते. आणि तुमच्या जुन्या गाइडना लिहा. तुम्ही पत्रात म्हटलंय की इतक्या वर्षांनी त्यांना काय तोंड दाखवू. मी पण गाइड आहे, माझा एखादा जुना विद्यार्थी दहा वर्षांनी लिहितो तेव्हा माझा तो सगळा दिवस चांगला जातो. आजच लिहा, चार ओळी पुरेत, आणि अडलं तर मसुदा मला पाठवा.